प्लेसीचा वकील : अल्बियन टूर्झे

मंडळी, 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' हा १८९६ चा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा ठेवला तरी घटनेचा भंग होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं. प्लेसींची बाजू कुणी लढवली, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते होते अल्बियन टूर्झे.

जन्म १८३८ चा, ओहायोतला. पोरवयातच एका अपघातात एक डोळा गेला. गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी युद्ध पेटलं तसे ते उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. बुल रनच्या पहिल्याच लढाईत माघार घेताना तोफेच्या गाड्याचं चाक पाठीवर आदळलं. ते दुखणं आयुष्यभर पाठीशी लागलं. तरी हा माणूस पुन्हा रणांगणावर गेला आणि दक्षिणेच्या कैदेतही पडला.

युद्ध संपल्यावर ते मुद्दाम पराभूत दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलिनात जाऊन राहिले. राज्याची घटना लिहिणाऱ्या १८६८ च्या परिषदेत सरकारी पदासाठी मालमत्तेची अट नको म्हणून झगडले. मग सहा वर्षं न्यायाधीश होते. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक गुप्त संघटनेच्या धमक्या रोजच्याच झाल्या होत्या. १८७० मध्ये त्यांचे सहकारी, राज्याचे सिनेटर जॉन स्टीफन्स यांना क्लॅनने यान्सीव्हिलच्या न्यायालयाच्या इमारतीतच, खालच्या एका खोलीत गाठून ठार केलं. वर त्या वेळी विरोधी पक्षाची सभा भरली होती! मला वाटतं, टूर्झे समजून घ्यायचे तर ही खोली विसरून चालणार नाही. कायदा कागदावर असून भागत नाही, हे त्यांना तिथे कळलं. त्या अनुभवांवर त्यांनी १८७९ मध्ये लिहिलेली कादंबरी हातोहात खपली.

आता खटल्याकडे येऊ. लुइझियानाने १८९० मध्ये वेगळ्या डब्यांचा कायदा केला. त्याला आव्हान देण्यासाठी न्यू ऑर्लिन्समध्ये नागरिकांची समिती उभी राहिली आणि तिने टूर्झे यांना बोलावलं. त्यांनी एक पैसाही फी घेतली नाही. होमर प्लेसी चांभारकाम करत, दिसायला गोरे, पणजोबा-पणजींपैकी एकच काय ते कृष्णवर्णी. ७ जून १८९२ रोजी ते गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि ठरल्याप्रमाणे अटक झाली. डबे वाढवण्याचा खर्च नको होता, म्हणून रेल्वे कंपनीलाही हा कायदा नकोच होता.

टूर्झे यांचा सवाल बिनतोड होता. माणूस कोणत्या वंशाचा हे ठरवायचं कुणी, तिकीट तपासणाऱ्या कंडक्टरने? आणि गोऱ्या बाळाला सांभाळणारी काळी दाई याच कायद्याने गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते! म्हणजे ती चाकर असली की चालते, स्वतःचं तिकीट काढून आली की चालत नाही. या एका सवलतीतून कायद्याचा खरा हेतू उघडा पडतो.

न्यायमूर्ती आपल्या बाजूचे नाहीत, हे त्यांनी १८९३ मध्येच समितीच्या लुई मार्टिनेट यांना कळवलं होतं. निकाल ७ विरुद्ध १ असा लागला. विरोधी मत देणारे न्या. हार्लन केंटकीचे, एके काळी स्वतः गुलाम बाळगणारे. 'आपली घटना रंगांध आहे', म्हणजे ती माणसाचा रंग पाहत नाही, हे त्यांचं वाक्य गाजलं. कायदा रंगांध असायला हवा, हा मुद्दा टूर्झे यांच्या लेखी युक्तिवादात आधीच होता.

१८९७ मध्ये प्लेसींनी २५ डॉलर दंड भरला. त्याच वर्षी टूर्झे फ्रान्समधल्या बोर्दो इथे अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून रुजू झाले आणि १९०५ मध्ये तिथेच वारले. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या नव्या नायगारा चळवळीने गुलामगिरीविरोधी नेते गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्यासोबत टूर्झे यांच्याही स्मरणार्थ ठिकठिकाणी सभा घेतल्या.