लेन्सचे ओझे: अंतर आणि वेळ
(साताऱ्यात पक्षी-छायाचित्रकारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे आपण चारजण एकत्र जमलो की कोणती लेन्स घ्यावी यावर तासन्‌तास बोलतो. पण घेतलेली लेन्स दिवसभर बाळगायची कशी, हे सहसा कोणी कोणाला शिकवत नाही. मलाही ते कोणी शिकवले नव्हते. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत मायणीच्या तलावाकाठी रोहित पक्ष्यांचा थवा उठण्याची वाट पाहत मी दीड-दोन तास उभा होतो. ६०० मिलिमीटरची एफ/४ लेन्स (पहिला आकडा लेन्सची पोहोच सांगतो; एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) आणि कॅमेरा मिळून पाच किलो वजन होते, आणि थवा कोणत्या क्षणी उठेल याचा नेम नसल्यामुळे ते सगळे मी जवळजवळ सारा वेळ डोळ्याला लावून धरले होते. थवा उठला तेव्हा माझे हात थरथरत होते आणि त्या सकाळची बहुतेक छायाचित्रे हललेली निघाली. आठवडाभराने डावा हात खांद्याच्या वर जाईना. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांपैकी एकाच्या कंडरेला सूज आल्याचे निदान झाले आणि पुढचे चार महिने कॅमेरा कपाटात राहिला. आज मी जे सांगणार आहे, त्याचा बराचसा विचार त्या चार महिन्यांत झाला.

वजनाचा विचार आपण किलोमध्ये करतो. खांद्याला मात्र ते वजन शरीरापासून किती दूर आहे आणि किती वेळ तिथे आहे, हे जाणवते. आपल्याकडे बायका भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालत आल्या आहेत. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगितली, तर धट्टाकट्टा माणूसही मिनिटभरात ती खाली ठेवील. पाण्याचे वजन तेवढेच असते. खांद्यापासूनचे अंतर वाढल्यामुळे सांध्यावर येणारा ताण वाढलेला असतो. अंतर दुप्पट झाले की ताणही दुप्पट होतो. म्हणून लेन्स धरताना डावा तळहात तिच्या तोलाच्या बिंदूखाली असावा, कोपर छातीच्या पिंजऱ्याला टेकलेले असावे आणि कॅमेरा कपाळाला घट्ट लागलेला असावा. कोपर पंखासारखे बाहेर काढून उभे राहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. ती मोडायला मला स्वतःला महिनाभर लागला. बसायला जागा असेल तर बसावे, गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकवावे, म्हणजे ते वजन हाडांमधून जमिनीत उतरते आणि स्नायूंना विसावा मिळतो.

ओझ्याची किंमत खांद्याच्या आधी छायाचित्र मोजते, हेही लक्षात घ्यायला हवे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लेन्स ५० मीटर अंतरावर सुमारे ३ मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. २.४ कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्या पट्ट्यावर आडवे ६००० पिक्सेल पसरलेले असतात. म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा झाला. दमलेल्या हाताची थरथर याच्या कितीतरी पट मोठी असते. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा त्यातला बराच भाग सावरून घेते हे खरे, पण पक्षी चौकटीत धरून ठेवण्याचे काम हातालाच करावे लागते आणि दमलेला हात तिथेच चुकतो.

आता वेळेकडे वळतो. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटातून वर चढवतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या चढणीवर एकाच माणसाच्या खांद्यावर भार राहत नाही; खांदे बदलत राहतात, शेकडो हात लागतात. आपल्याला दुसरे खांदे सहसा मिळत नाहीत, म्हणून तिपाईला, मोनोपॉडला (एका पायाच्या आधाराला) किंवा जमिनीला तो वाटा द्यावा लागतो. मायणीच्या त्या सकाळी लेन्स प्रत्यक्ष उपयोगात आली ती फार तर अर्धा मिनिट. उरलेला वेळ ती नुसती हातात होती. वाट पाहण्याचा वेळ हातांवरून काढून घेणे, एवढेच मोनोपॉडचे काम आहे, आणि ते तो उत्तम करतो.

एका जागी तासभर थांबायचे असेल, तर तिपाईवर गिंबल हेड लावावे. त्यात लेन्स तागडीसारखी तोलून बसवलेली असते. लेन्सचा पाया पट्टीत मागेपुढे सरकवून असा बिंदू शोधायचा, की सगळे स्क्रू सैल करून हात सोडला तरी लेन्स आहे तशीच राहील. हा तोल घरी, दिव्याच्या उजेडात, शांतपणे लावावा आणि पट्टीवर खूण करून ठेवावी. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारे जोडभिंग) लावला, कॅमेरा बदलला, नुसते हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) काढले, तरी तोल बदलतो, म्हणून प्रत्येक जोडणीची वेगळी खूण हवी. तोल नीट लागला की एका बोटाने लेन्स फिरते आणि तासाभराने खांदा सकाळइतकाच ताजा असतो. चाळकेवाडीच्या पठारावर मात्र वाऱ्याचे भान ठेवावे लागते. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. मोठे हूड तिथे शिडासारखे वारा पकडते. अशा वेळी हूड काढावे, तिपाईचे पाय आखूड करावेत आणि तिच्या मधल्या खांबाला पाठीवरची पिशवी अडकवावी.

त्याच पठारावर मला सर्वांत समाधान देणारे काम मी जवळजवळ वजन न उचलता केले आहे. गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून मादीला साद घालणारा तिथला सरडा २०१६ साली नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘सरडा’ हा शब्द आपल्याच भाषेतून घेतला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्याचे छायाचित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यायचे तर जांभ्यावर पालथे पडावे लागते आणि तिथे तिपाईचा उपयोग नाही. तिथे धान्याची पिशवी लागते. जाड कापडाची, दोन कप्प्यांची पिशवी शिंप्याकडून शिवून घ्यावी, रिकामी घेऊन जावी आणि मुक्कामाच्या गावी दोन-तीन किलो शाळू घेऊन भरावी. चुरमुरे हलके म्हणून भरू नयेत. ते दबतात, कुरकुरतात आणि लेन्सखाली खड्डा पडतो. शाळूचा दाणा लेन्सच्या आकाराला धरून बसतो. हीच पिशवी गाडीच्या खिडकीच्या काठावर दोन्ही बाजूंना लोंबती ठेवली की गाडीतूनही काम होते. फक्त इंजिन बंद असले पाहिजे, नाहीतर त्याचे कंपन छायाचित्रात उतरते.

चालताना कॅमेऱ्याचा पट्टा मानेत अडकवू नये. पट्टा लेन्सच्या कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) पायाला जोडावा, तिरका छातीवरून घ्यावा. त्यामुळे कॅमेरा आणि लेन्स यांच्या सांध्यावर भार येत नाही. लांब चढ असेल तर सगळे पाठीवरच्या पिशवीत ठेवावे आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, म्हणजे ओझे खांद्यांवरून नितंबाच्या हाडांवर उतरते. व्यायामाबद्दल फार बोलत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारून करावा. खांदा दुखत असताना तो दुखणे मारून करू नये, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मग भारी लेन्स घ्यावीच का, असा प्रश्न तरुण मित्र विचारतात. पुढची काच किती रुंद लागणार हे साध्या भागाकाराने कळते: लेन्सच्या मिलिमीटरना एफपुढच्या आकड्याने भागायचे. ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिलिमीटर; ६०० भागिले ६.३ म्हणजे सुमारे ९५ मिलिमीटर. रुंदीबरोबर काचेची जाडीही वाढत असल्याने वजन रुंदीपेक्षा पुष्कळ वेगाने वाढते. कॅननची १९९९ सालची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स ५ किलो ३६० ग्रॅमची होती. २०१८ सालची ३ किलो ५० ग्रॅमची आहे. नव्या रचनेत पुढच्या भागातील जड काचा कमी करून भिंगे मागे, म्हणजे खांद्याच्या जवळ, सरकवली आहेत, आणि म्हणून ती आकड्यापेक्षाही हलकी वाटते. कळशीचाच न्याय इथेही लागू पडतो. निकॉनने दीपगृहांच्या भिंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेनेलच्या कल्पनेवर आधारलेले भिंग वापरून २०१८ साली ५०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स १ किलो ४६० ग्रॅममध्ये बसवली. हलकेपणाची किंमत उजेडात मोजावी लागते. एफ/६.३ वर एफ/४ च्या तुलनेत अडीचपट कमी प्रकाश मिळतो. जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पुरत होता तिथे ४००० लागतो. मायणीच्या उघड्या पाण्यावर सकाळी नऊ वाजता हा फरक मला जाणवतही नाही. कोयनेच्या दाट जंगलात, पानांच्या सावलीत बसलेल्या धनेशासमोर तो फार जाणवतो. म्हणून आता मायणीला मी हलकी लेन्स नेतो, आणि भारी लेन्स कोयनेकडे जातानाच बाहेर काढतो, तीही मोनोपॉडसह.

व्यासपीठाशेजारच्या टेबलावर शाळू भरलेली माझी पिशवी आणि गिंबल लावलेली तिपाई ठेवली आहे. चहाच्या वेळी आपापली लेन्स त्यावर ठेवून तोल लावून पाहा. पट्टीवर खूण करायला पेन्सिलही तिथेच आहे.