डिक्री आहे, पण पैसे कुठायत?

नमस्कार मंडळी. मागे इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू माझ्याकडे आल्या, पिशवीतून डिक्री, म्हणजे कोर्टाचा पैसे द्यायचा लेखी हुकूम, काढली, चक्क लॅमिनेट केलेली, देवघराच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती म्हणे. ओळखीच्या कापडवाल्याला दिलेले साडेतीन लाख, केस जिंकल्या, पण रुपया हातात नाही. मी आधी तारीख बघितली आणि पोटात धस्स झालं, अकरा वर्षं चार महिने! पैशाच्या डिक्रीची अंमलबजावणी मागायला मुदत असते 12 वर्षं, म्हणजे उरले आठच महिने.

बघा, कोर्ट निकाल देतं पण वसुली आपोआप होत नाही हो, त्यासाठी वेगळा अर्ज लावावा लागतो, महाराष्ट्रात त्याला दरखास्त म्हणतात, आपल्याकडे मध्य प्रदेशात निष्पादन. काकू म्हणाल्या, "अहो तो म्हणतो माझ्या नावावर काहीच नाही, मी बाईमाणूस कुठे शोधत फिरू?" तर एकटीने शोधायचं नाहीच मुळी! 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 21 नियम 41 आहे, डिक्रीचे पैसे 30 दिवसांत आले नाहीत तर तुम्ही अर्ज करायचा आणि कोर्ट त्यालाच सांगू शकतं की तुझ्याकडे काय काय आहे ते शपथेवर लिहून दे. घर, प्लॉट, बँकखाती, गाडी, आणि लोकांकडून येणं असलेली उधारीसुद्धा, कारण तीही जप्त करता येते. नाही दिलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. माझ्या मते हा नियम खूप कमी वापरला जातो आणि याचंच मला वाईट वाटतं, लोक वर्षानुवर्षं नुसते चकरा मारतात.

पण हेही सांगते, त्याच्या घरातली स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं कुर्कीत, म्हणजे जप्तीत, जात नाहीत, पगाराचाही मोठा भाग सुटतो, आणि ते बरोबरच आहे, पोटाला तर हवंच ना. खरंच ऐपत नसलेल्याला नुसतं कर्ज आहे म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच स्पष्ट सांगितलंय. आणि 2021 मध्ये असंही म्हटलंय की निष्पादन सहा महिन्यांत निकाली काढा.

काकूंचा अर्ज लागलाय, पुढची तारीख त्या शपथपत्रासाठीच आहे. फाइलला नवी सर्टिफाइड कॉपी लावली, लॅमिनेटवाली त्या परत घरी घेऊन गेल्या.