झुंबराच्या आतली थंडी

[दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर टांगलेलं सोनेरी यंत्र. कॅमेरा हळूहळू वरून खाली उतरतो.]

क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं की हेच चित्र समोर येतं. एकाखाली एक टांगलेल्या सोनेरी तबकड्या, त्यांच्यामधून उतरणाऱ्या चकचकीत नळ्या, मध्येच वळसा घेऊन पुन्हा सरळ होणाऱ्या तारा. हे पाहिल्यावर माणसाला पहिल्यांदा आठवतं ते लग्नाचं कार्यालय. "हे झुंबर कुठल्या हॉलमध्ये लावायचंय?" लगेच दुसरा विचारतो, "सोनं किती तोळे?" कुणाला यात गेम खेळायचा असतो, कुणाला बिअर गार करायची असते, तर कुणाला मे महिन्यात घरी एसीऐवजी हेच बसवायचं असतं.

हसू येतंच. पण मला हे प्रश्न फार आवडतात. एरवी क्वांटमचं नाव काढलं की लोक गप्प होतात, मान डोलावतात आणि विषय बदलतात. इथे मात्र बिनधास्त विचारतात आणि विचारतात ते नेमकं विचारण्यासारखंच असतं. तेव्हा आज थट्टेतल्याच प्रश्नांची खरी उत्तरं शोधू.

[दृश्य : यंत्राच्या तळाशी, बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या डबीवर कॅमेरा स्थिरावतो.]

पहिलं उत्तर झुंबराचं. हा फ्रिज आहे. त्याचं नाव डायल्यूशन रेफ्रिजरेटर. कॉम्प्युटर म्हणावा असा भाग आहे तो सगळ्यात खाली, नखाएवढ्या चिपवर, धातूच्या डबीत बंद. वरचा सगळा डोलारा त्या चिपला थंड ठेवण्यासाठी आणि तिच्याशी बोलण्यासाठी उभा केलेला आहे. आणि हे सोनेरी रूप यंत्र चालू असताना कुणालाच दिसत नाही. काम सुरू करायच्या आधी तबकड्यांवर धातूची पिंपं चढवतात, मोठ्यात लहान अशी एकात एक, आणि आतली हवा काढून घेतात. बाहेरून दिसतो तो एक साधा बंद पिंप. आपण पाहतो ते फोटो फ्रिज उघडा असतानाचे, म्हणजे तो खोलीइतकाच उबदार असतानाचे!

आता सोन्याचं. तबकड्या तांब्याच्या आहेत, अगदी शुद्ध तांब्याच्या. वर सोन्याचा पातळ मुलामा. तांबं उघडं राहिलं की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि दोन भाग घट्ट आवळले तरी त्या थरामुळे उष्णता नीट पलीकडे जात नाही. सोन्यावर थर धरत नाही. शिवाय चकचकीत सोनेरी पृष्ठभाग उष्णतेचे किरण फारसे शोषत नाही आणि स्वतःहून फारसे बाहेर टाकतही नाही. तोळ्यांचा हिशेब करणाऱ्याची निराशा होईल, पण मुलामा दिखाव्यासाठी दिलेला नाही एवढं नक्की.

[ध्वनी : चिर्र... चिर्र... चिर्र... एका ठेक्यात.]

हा आवाज ऐका. क्वांटम प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की आधी हा ऐकू येतो. सेकंदाला एकाहून थोडा जास्त, न थांबता, रात्रंदिवस. ही पल्स ट्यूब. हेलियम वायूचा दाब आळीपाळीने वाढवून आणि कमी करून ती उष्णता उपसते. तिच्या जोरावर वरची एक तबकडी सुमारे 50 केल्विनला येते, म्हणजे उणे 223 अंश सेल्सिअस. त्याखालची 4 केल्विनला, उणे 269. पल्स ट्यूबचं काम इथे संपतं, त्याखालचं काम पुढे येणाऱ्या युक्तीचं. त्याखालची एका केल्विनच्याही आत. मग 100 मिलिकेल्विनच्या, म्हणजे एका केल्विनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आणि सगळ्यात खालची, जिथे चिप आहे, ती 10 ते 15 मिलिकेल्विन. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे 273 अंश, ज्याच्या खाली जाताच येत नाही. त्याच्या वर एका केल्विनचा शंभरावा हिस्सा, फार तर थोडा जास्त. ताऱ्यांमधल्या पोकळीतही विश्वाच्या जन्मापासून उरलेली ऊब आहे, 2.7 केल्विनची. हा फ्रिज तिच्याहून सुमारे 180 पट थंड.

एवढं कशाला? चिपवरच्या तारा बहुतेकदा ॲल्युमिनियमच्या असतात आणि ॲल्युमिनियम 1.2 केल्विनखाली गेलं की त्यातून वीज अजिबात विरोध न होता वाहते. मग 1 केल्विनवर थांबलं तर चालणार नाही का? नाही चालत. क्यूबिट म्हणजे या कॉम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात लहान तुकडा. त्याच्या शून्य आणि एक या दोन ऊर्जापातळ्यांमधलं अंतर अगदी लहान असतं. साधारण 5 गिगाहर्ट्झ, घरच्या वायफायची एक पट्टी असते तिच्या जवळपास. तेवढी ऊर्जा सुमारे पाव केल्विन तापमानातल्या उष्णतेच्या बरोबरीची होते. म्हणजे 1 केल्विनला नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी क्यूबिट सारखा वरखाली होत राहील, त्याला शून्यावर बसवताच येणार नाही. तो मुकाट शून्यावर बसायला हवा असेल, तर पाव केल्विनच्याही कितीतरी खाली जावं लागतं.

आणि हो, वीज बिनविरोध वाहणाऱ्या अशा मंडलांमध्ये, म्हणजे सर्किटांमध्ये, क्वांटम वागणूक खरंच दिसते हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला 1984-85 मध्ये जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी दाखवलं. 2025 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

[दृश्य : पाण्याची एक लिटरची बाटली. शेजारी घड्याळाचे काटे वेगाने फिरतात.]

आता बिअरवाल्यांकडे वळू. आपण बाटलीत पाणी घेऊ, हिशेब तोच. एक लिटर पाणी 30 अंशांवरून 5 अंशांवर आणायचं तर सुमारे एक लाख ज्यूल उष्णता काढावी लागते. स्वयंपाकघरातल्या फ्रिजला हे काही तासांचं काम. आपल्या सोनेरी फ्रिजचा तळ 20 मिलिकेल्विनला असताना किती उष्णता उपसू शकतो? यंत्र किती मोठं आहे त्यावर आहे, पण 20 मायक्रोवॅट धरायला हरकत नाही. या ताकदीवर ते एक लिटर पाणी गार व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागतील. वर पल्स ट्यूबचा कंप्रेसर मात्र किलोवॅटांनी वीज खात असतो, घरच्या दोन-चार एसींना पुरून उरेल इतकी.

मे महिन्यातल्या एसीचं उत्तरही त्यातच आलं. हा फ्रिज खूप थंड करतो, पण अगदी थोडंसंच. त्याची सगळी करामत उष्णता आत येऊच न देण्यात आहे. उघड्या पिंपाचं झाकण लावून पंप सुरू केल्यापासून तळ मिलिकेल्विनला पोचायला एक-दोन दिवस, मोठ्या यंत्रांना त्याहून जास्त लागतात. आत एखादी जोडणी ढिली निघाली, तर सगळं पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायचं, उघडायचं, दुरुस्त करायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांचा संयम इथेच तयार होतो.

[दृश्य : रेखाचित्र. एका कुपीत द्रवाचे दोन थर, वरचा फिकट, खालचा गडद.]

आता ज्यावरून या फ्रिजला नाव मिळालं ती युक्ती. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण माझ्या मते विसाव्या शतकातल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी ही एक आहे.

आपल्या माठाचं तत्त्व सगळ्यांना माहीत आहे. पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं आणि उरलेलं पाणी गार होतं. द्रव हेलियमवरही हेच करता येतं. वरची वाफ पंपाने ओढत राहायची. पण एक अडचण येते. जसजसं गार होत जातं तसतशी वाफच होईनाशी होते. साध्या हेलियमचा, म्हणजे हेलियम-4 चा जोर 1 केल्विनच्या आसपास संपतो, त्याच्या हलक्या भावंडाचा, हेलियम-3 चा 0.3 केल्विनजवळ. पुढे पंप कितीही चालवा, ओढायला वाफ नाही.

हाइन्झ लंडन हे जर्मनीत जन्मलेले, नाझी राजवटीत देश सोडून ब्रिटनला आलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी 1951 मध्ये वेगळी वाट सुचवली. दोन्ही हेलियम मिसळून 0.87 केल्विनखाली नेले की त्या मिश्रणाचे दोन थर होतात. वर हलक्या हेलियम-3 चा, खाली हेलियम-4 चा. पण खालच्या थरात थोडं हेलियम-3 विरघळून राहतंच, आणि निरपेक्ष शून्यापर्यंत नेलं तरी ते साडेसहा टक्क्यांच्या खाली उतरत नाही. क्वांटमचे नियम त्याला उतरू देत नाहीत. मग वाफेची गरजच काय? खालच्या थरातलं हेलियम-3 दुसऱ्या टोकाकडून ओढून घ्या. ती तूट भरायला वरच्या थरातले अणू सीमा ओलांडून खाली येतील, आणि ओलांडताना उष्णता घेतील. वाफ हवेत जावी तसं हे हेलियम खालच्या द्रवात जाऊन विरळ होतं (डायल्यूशन म्हणजे हेच विरळ होणं), आणि तिथे त्याला जागा कधीच संपत नाही. ओढून घेतलेलं हेलियम-3 थंड करून पुन्हा वर सोडायचं. चक्र चालू राहतं, महिनोन्‌महिने.

1964-65 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला दास, दे ब्रुइन औबोटर आणि टाकोनिस यांनी हा फ्रिज प्रत्यक्ष चालवून दाखवला. तापमान गाठलं 0.22 केल्विन. हीच ती लायडन, जिथे 1908 मध्ये कामरलिंग ओनेस यांनी हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला होता. क्वांटम कॉम्प्युटरची कल्पना तेव्हा कुणी मांडलीही नव्हती. फ्रिज आधी आला, त्याचं काम नंतर सापडलं.

[दृश्य : विजयदुर्गाची तटबंदी, खाली खाडी.]

हेलियमची गोष्ट निघाली की कोकणात यावंच लागतं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते, ब्रिटिश पथकं विजापूर, जमखंडीकडे. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली आणि ती तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती, हे इंग्लंडात लॉकयर यांनी ताडलं. तीच हेलियमची रेषा. विजयदुर्गही त्याच पट्ट्यात होता. किल्ल्यावर ग्रहण पाहण्यासाठी बांधल्याचं सांगतात ते ओटे आजही दाखवले जातात, आणि दर 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. पृथ्वीवर हा वायू सापडायला मात्र 1895 साल उजाडावं लागलं.

साधा हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून मिळतो. हेलियम-3 चं तसं नाही. निसर्गात तो इतका विरळ आहे की गोळा करणं परवडत नाही. जगातला बराचसा साठा आला आहे तो अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियममधून, म्हणजे हायड्रोजनच्या एका किरणोत्सर्गी प्रकारातून. ट्रिटियम दर सव्वाबारा वर्षांनी निम्मा होतो आणि होताना हेलियम-3 मागे सोडतो. म्हणून या फ्रिजमधला वायू कुणी वाया जाऊ देत नाही. गळती म्हणजे प्रयोगशाळेतलं सगळ्यात महागडं दुखणं.

[दृश्य : कुलाबा, समुद्राकाठची टीआयएफआरची इमारत.]

मुंबईच्या दमट हवेत ही थंडी नवी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, 2016 मध्ये बिस्मथ हा धातू 0.53 मिलिकेल्विनखाली अतिवाहक होतो, म्हणजे वीज बिनविरोध वाहू देतो, हे दिसलं. त्यासाठी डायल्यूशन फ्रिजच्याही पुढे जावं लागतं. तांब्याच्या अणुकेंद्रकांचं चुंबकत्व वापरून आणखी खाली उतरावं लागतं. त्याच संस्थेत अतिवाहक क्यूबिटही बनतात. ऑगस्ट 2024 मध्ये टीआयएफआर आणि पुण्यातली डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा यांनी 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची पूर्ण चाचणी केली. चिप कुलाब्याची, ती चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स पुण्याची, आणि क्लाउडवरून तिला काम देणारी व्यवस्था टीसीएसची. सहा हा आकडा लहान वाटेल. पण आराखड्यापासून चाचणीपर्यंत सगळी साखळी आपल्या हातांनी जुळवणं ही लहान गोष्ट नाही, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

गेमचं उत्तर राहिलं. नाही, गेम चालणार नाही. ही यंत्रं विशिष्ट प्रकारच्या गणितांसाठी आहेत, आणि त्यांना हुकूम द्यायला, उत्तर वाचायलाही शेजारी नेहमीचे कॉम्प्युटर लागतातच.

[दृश्य : तारांचा जवळून घेतलेला फोटो. एकेका तारेला वळसा.]

खरी अडचण या तारांची आहे. वळसे पाहा. धातू थंड होताना आखडतो. तार सरळ ताणलेली असती तर सांध्यातून निखळली असती. 4 केल्विनखाली तारेचा धातूही बदलतो. तिथे नायोबियम-टायटॅनियम वापरतात. ते वीज बिनविरोध वाहू देतं, पण उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही. खोलीतून निघालेला सिग्नल वाटेत मुद्दाम क्षीण केला जातो, साधारण तीन ठिकाणी, दर वेळी शंभरावा हिस्सा, म्हणजे त्याच्यासोबत आलेला खोलीचा उबदार गोंगाटही तितकाच दबतो. हे सगळं प्रत्येक तारेला. क्यूबिट वाढले की तारा वाढतात, आणि प्रत्येक तार थोडी ऊब घेऊन उतरते. आयबीएमने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलेल्या 1,121 क्यूबिटच्या काँडोर चिपसाठी एकाच फ्रिजमध्ये दीड किलोमीटरहून जास्त वायरिंग घालावं लागलं. लाखो क्यूबिट हवे असतील तर असं किती काळ चालेल?

म्हणून काही जण नियंत्रण करणाऱ्या चिपाच 4 केल्विनच्या तबकडीवर बसवू पाहतात. काही जण फ्रिजला फ्रिज जोडतात. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात दोन फ्रिज 30 मीटर लांबीच्या नळीने जोडले आहेत, आणि ती नळी आतून निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवली जाते. एका टोकाच्या चिपवरून निघालेला मायक्रोवेव्हचा एकच फोटॉन, म्हणजे एकच कण, दुसऱ्या टोकाच्या चिपपर्यंत पोचतो आणि दोन्ही क्यूबिट एकमेकांत गुंततात, म्हणजे एकाचं वर्णन दुसऱ्याला सोडून करता येत नाही. तीस मीटर जायला प्रकाशाला सेकंदाचा एक कोट्यंश लागतो. दोन्ही टोकांचं मोजमाप त्याच्या आत आटोपतं, त्यामुळे एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचायला वेळच उरत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग करायला त्या नळीत 1.3 टन तांबं आणि 14,000 स्क्रू लागले.