आजार कळला, आता पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो.

खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, की डॉक्टर तिचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ही बायोप्सी. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, हा समज साफ खोटा आहे आणि त्यापायी लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात. रिपोर्टात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ आलं, म्हणजे तोंडाचा कॅन्सर आहे हे ठरलं. हे झालं निदान.

घरच्यांचा प्रश्न मात्र दुसराच असतो. “डॉक्टरसाहेब, बाबा बरे होतीन का जी?” त्याचं उत्तर बायोप्सीच्या कागदावर नसतं. पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी ओळखली म्हणून कापूस किती येणार हे कळत नाही; बोंडं किती किडली, अळी कधी दिसली, पुढे काय केलं, यावर ते ठरतं. आजाराच्या या पुढच्या अंदाजाला डॉक्टर प्रोग्नोसिस म्हणतात, मराठीत पूर्वानुमान.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये तो कशावर ठरतो? गाठ २ सेंटिमीटरच्या आत आहे की ४ च्या वर, आत किती खोल गेली, जबड्याच्या हाडात शिरली का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मानेतल्या गाठींत पोचली का. तिथे पोचली, की बरं होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. म्हणून सिटी स्कॅन होण्याआधी कोणी छातीठोक उत्तर देत असेल, तर त्यावर विसंबू नका.

हा अंदाज बदलतोही. ऑपरेशननंतर काढलेला भाग पुन्हा तपासतात आणि गाठीभोवती निरोगी कड किती सुटली ते पाहतात. त्यानंतर डॉक्टर आधीपेक्षा नेमकं सांगू शकतात, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारा. शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार असेल तर ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावा. तो आठवड्यातून ५ दिवस, साधारण ६ आठवडे चालतो. सोयाबीन काढायला म्हणून मधेच आठवडाभर गावी आलात, तर उरलेल्या पेशींना वाढायला फुरसत मिळते. ऑपरेशन चांगलं होऊनही पुढचा अंदाज इथे बिघडतो. सोंगणीची सोय नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी करावी. शेकाची तारीख चुकू देऊ नये.

आता आकड्यांचं. समजा डॉक्टर म्हणाले, “अशा १०० रुग्णांपैकी ६० जण ५ वर्षांनंतर हयात असतात.” गावात बातमी पोचते, ‘पाचच वर्षं उरली.’ तसं नाही. ५ वर्षं ही मोजणीसाठी आखलेली रेघ आहे. त्या ६० पैकी पुष्कळ जण पुढेही कितीतरी वर्षं जगतात. आपला माणूस ६० मधला की ४० मधला, हे कोणताच डॉक्टर आधी सांगू शकत नाही.

“किती दिवस?” एवढंच विचारू नका. स्टेज कोणती? उपचार मुळासकट बरं करण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी? पूर्ण उपचार घेतले तर काय, अर्धवट सोडले तर काय? बाबांना खाता-बोलता येईल का? आणि हे सगळं बाबांना ऐकायचं आहे का, ते आधी त्यांनाच विचारा. मुलांनी परस्पर लपवलं, तर शेतीचे, कर्जाचे, लग्नाचे निर्णय ते अंधारात घेतात.

बायोप्सी, स्कॅन, ऑपरेशनचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा. नागपूर असो की सेवाग्राम, नव्या डॉक्टरला हे कागद पाहूनच अंदाज सांगता येतो.