लिंबाला अडकलेले केस

(दृश्य: लिंबाचं खोड, अगदी जवळून)

या कडुलिंबाची साल बघा. खाली खरबरीत, वर खरबरीत. मधला हातभर पट्टा मात्र पाटासारखा गुळगुळीत झालाय. सालीच्या फटीत पांढरे केस अडकलेत, काही मुळासकट.

(दृश्य: घोडी खोडाला मान घासते)

ही बिजली. नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, वय 7 वर्षं. नांदेड जिल्ह्यातला लोहा तालुका, माळेगावच्या रस्त्यालगतची वस्ती. तुळशीचं लग्न लागलं की बिजली वरातीला निघते. पावसाळाभर या लिंबाखाली बांधलेली असते.

"दोन पावसाळे झाले, लई घासायली," मालक सांगतात. "आधी वाटलं माजलीय. मग रक्त दिसलं."

(दृश्य: आयाळीवरून फिरणारा हात)

आयाळ उरलीय बोटभर, तीही ब्रशासारखी ताठ. खालची कातडी जाड होऊन तिला वळ्या पडल्यात. शेपटीच्या बुडख्यालाही तेच. माळेगावच्या बाजारात, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची पालखी निघते तेव्हा, पारखी माणूस घोड्याचे दात बघतो, भोवरे मोजतो, मानेवरचं देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, शोधतो. इथं मानेवर हात ठेवला की घोडी ओठ लांबवून हवेतच खाजवल्यासारखं करते.

(दृश्य: गोठ्याच्या कोपऱ्यातला डबा)

हा डबा नीट बघून घ्या. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. आमच्या भागात गुराढोरांच्या खाजेवर पहिला उपाय हाच. बिजलीच्या पाठीवर तो काळपट डाग दिसतोय ना, तो त्याचाच. नुकऱ्या घोड्याची कातडी गुलाबी, नाजूक. ऑइलनं ती आणखी भाजते, आणि घोडी चाटते ते पोटात जातं ते वेगळंच. शेजारी बाटली आहे, गाई-म्हशींच्या गोचिडांवरचं अमिट्राझ. गाईला चालतं म्हणून घोड्याला लावायचं नसतं. त्यानं घोड्याची आतडी थंडावतात, पोट फुगतं, जीवावर बेततं. बाटली अजून फोडलेली नव्हती, एवढं बरं.

(दृश्य: डॉक्टर मॅडम तपासताना)

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टर मॅडमनी आल्या आल्या सुई काढली नाही. आधी विचारलं, "मामा, खाज कधी सुटते? दिवसभर, का दिवस मावळताना?"

मामा गप्प. कधी बघितलंच नव्हतं.

मग शेपटीखाली पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेवर डकवली. गुदद्वाराजवळ अंडी घालणारे जंत असले तरी घोडा नुसती शेपूट घासतो. ती अंडी अशी सापडतात. नाहीत. मग पात्यानं कातडी खरवडली, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. खरजेचे किडे खोल बसतात, वरवर खरवडून हाती लागत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तेही नाहीत. गजकर्णाचे गोल चट्टे नाहीत, उवा-लिखा नाहीत. बरसाती, म्हणजे पावसाळ्यात चिघळणारी जखम म्हणावी, तर डोळ्यांच्या कोपऱ्यात, पायांवर न भरणारी जखम हवी, तीही नाही.

(दृश्य: संध्याकाळ, मोबाइलच्या उजेडात घोडीचं पोट)

आणि हे सापडलं. पडद्यावर धूळ दिसतेय ती धूळ नाही. चिलटं. क्युलिकॉइड्स जातीची, दोन-तीन मिलिमीटरचीसुद्धा मुश्किलीनं. चावते ती मादी. तिच्या लाळेचं काही घोड्यांना वावडं असतं, म्हणून शेजारचा अबलख इथंच उभा राहून मजेत कडबा खातोय आणि बिजली खोड घासतेय. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग पसरवणारी चिलटं याच जातीची.

मानेतल्या धाग्यासारख्या एका जंताची पिल्लंही हीच चिलटं घोड्यात सोडतात, त्यानंही खाज सुटते. त्यासाठी छातीला टेप लावून वजनाचा अंदाज घेतला आणि आयव्हरमेक्टिनची पेस्ट तोंडात दिली, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. या औषधाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते ज्या जीवाणूपासून मिळालं तो जपानच्या मातीतला. घोड्यातल्या याच जंताच्या पिल्लांवर ते लागू पडलं, आणि तिथूनच आफ्रिकेतल्या नदीकाठच्या माणसांना आंधळं करणाऱ्या जंतावर ते वापरून बघायचा विचार पुढे आला. 2015 साली विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना नोबेल मिळालं ते यासाठी. घोड्याचं माणसावर एवढं देणं आहे, आणि आपण त्याला जळकं ऑइल लावतो.

(दृश्य: लीद हलवताना, पंखा बसवताना)

वावडं मुळापासून जात नाही. चिलटं लांब ठेवायची, एवढंच हातात. ओल्या लिदीत आणि हौदाजवळच्या चिखलात ती वाढतात. म्हणून उकिरडा लांब गेला आणि हौदाची गळती बुजवली. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही; म्हणून हा जुना टेबल फॅन. मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरपार जातात, म्हणून दाराला बारीक विणीचं कापड. खरारा मऊ, तोही फक्त बिजलीचा. सुजेवरची गोळी मॅडमनी मोजून, थोड्याच दिवसांची दिली. जास्त झाली तर खुरांच्या आत सूज येऊन घोडा पांगळा होतो.

वरातीच्या तीन सुपाऱ्या या हंगामात परत गेल्या.

(दृश्य: लिंबाखाली रिकामा खुंटा)

खुंटा आता लिंबापासून हलवलाय. मालकांचा नातू गोठ्याच्या दारात उभा आहे, हातात दावं.

"आबा, साडेपाच झाले. आत घेऊ का?"

"घे. पंखा आधी लाव."