परड्याचा एक कोपरा

(साताऱ्यात एका हिवाळी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘हिवाळ्यात परडं का झाडू नये’. आत येताना दोघीतिघींनी विचारलं, बाई, हे छापताना काही चुकलंय का? चुकलेलं नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत परड्याचा निदान एक कोपरा पाखरांसाठी खराट्यापासून लांब ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. गेली चौदा वर्षं मी ते भेटेल त्याला सांगत आलेय, आज पहिल्यांदा माईक मिळालाय.

परडं म्हणजे काय, हे साताऱ्यात सांगायला नको. कुणी पुण्याहून आलं असेल तर त्यांच्यासाठी सांगते: न्हाणीचं पाणी जिथं अळूला जातं, धुण्याचा दगड असतो, जळण रचलेलं असतं, आणि शेवग्याला शेंगा धरल्या की शेजारीण हक्कानं आकडी घेऊन येते, ती घरामागची जागा. आमचं घर चिमणपुऱ्यात आहे. परड्याच्या भिंतीमागं थोडं चढलं की अजिंक्यताऱ्याचा डोंगर लागतो. आता चिमणपुऱ्यात राहणाऱ्या बाईनं पक्ष्यांवर बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं?

आपल्याकडे थंडी पडली की लोक घराबाहेर पडतात. वेण्णा लेकवर दव गोठल्याची बातमी पेपरात आली, की त्या रविवारी महाबळेश्वरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. मायणीच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले, की कॅमेरे तिकडे धावतात. रोहित मीही पाहिलेत. पहाटेच्या उन्हात तो गुलाबी थवा पाण्यावर वाकलेला बघितला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी विसरणार नाही. पण घरी परत येईपर्यंत मनात एक प्रश्न घोळत राहिला. हिवाळ्याचे एकशेवीस दिवस धरा. त्यातला एक दिवस मायणीला गेला. उरलेल्या एकशेएकोणीस दिवसांचं काय?

त्याचं उत्तर माझ्या सासूबाईंनी दिलं. त्यांना मी आत्या म्हणायची, म्हणून आताही तसंच म्हणते. मूळ विषय परड्याचा आहे, पण आत्यांशिवाय तो सांगता यायचा नाही, तेव्हा थोडा धीर धरा.

आत्या खटावच्या. माहेरी कोरडवाहू जमीन, रब्बीला शाळू. कणसात दाणा भरायच्या दिवसांत भोरड्या यायच्या. काळ्या डोक्याचा, गुलाबी अंगाचा, साळुंकीच्या जातीचा हा पक्षी मध्य आशियातून थव्याथव्यानं येतो आणि शाळवाच्या रानावर तुटून पडतो. आत्या सात-आठ वर्षांच्या असल्यापासून माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवायच्या. दिवस उगवायच्या आधी माळ्यावर चढायचं आणि अंधार पडला की उतरायचं. दुपारची भाकरी वरच. त्या म्हणायच्या, ‘आमच्या हातानं पाखरं हाकलली, बघितली न्हाईत कधी.’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

लग्न होऊन साताऱ्यात आल्यावर त्यांनी पन्नास वर्षं परडं झाडलं. पहाटे पाचला बंब पेटवायचा, खराटा घ्यायचा, आंब्याखालचं पानन् पान गोळा करायचं आणि बंबात घालायचं. आमचं परडं इतकं लखलखीत असायचं, की जमिनीवर धान्य पाखडावं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज वाईट वाटतं, पण तेव्हा अभिमान वाटायचा, हे खरं.

२०११ च्या नवरात्रात आत्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि पुढं तीन महिने अंथरुणावर. आतल्या खोलीत त्यांचा जीव घुसमटायला लागला, म्हणून आम्ही त्यांची कॉट मागच्या सोप्यात, परड्याच्या दाराशी आणून ठेवली. सकाळी तिथं कोवळं ऊन येतं. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. त्यांचं करून, डबा करून शाळा गाठायची, यात खराटा कोण हातात घेणार? दिवाळी गेली, पानगळ सुरू झाली. आंब्याची, पेरूची, रामफळाची पानं पडायला लागली आणि जळणाच्या बाजूच्या कोपऱ्यात घोट्याएवढा थर साचला. पहिले पंधरा दिवस आत्यांनी त्या कचऱ्यावरून मला रोज बोलून घेतलं. मग एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट केलं. धुण्याच्या दगडावर चिमणीएवढा एक पक्षी. पाठ आणि छाती काळी, पोट विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरतेय. मधेच मुजरा केल्यासारखा खाली वाकतोय. आत्या म्हणाल्या, ‘आगं, ह्याला लईच हुडहुडी भरलीया. येवढी थंडी सोसत न्हाई, तर आलाय कशाला?’

त्याचं आमच्या घरातलं नाव हुडहुड्या. पुस्तकातलं नाव मी नंतर शोधलं: काळा थिरथिरा. मराठीनं त्याला त्याच्या शेपटीवरून किती नेमकं नाव दिलंय पाहा. आणि आत्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तो थंडीतूनच आलेला असतो. लडाख, तिबेट, हिमालयाचे उंच उतार, ही त्याची वीण घालायची जागा. तिथं हिवाळ्यात किडा-मुंगी मिळेनाशी होते, म्हणून तो खाली उतरतो. वजन पंधरा-वीस ग्रॅम. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवून बघा, तेवढंच. तेवढ्या जिवानं बरंचसं रात्री उडत, दिवसा खात-विसावत साताऱ्यातल्या एका धुण्याच्या दगडापर्यंत यायचं! एकतीस वर्षं मी मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले, पण नकाशावरची ती हजार-दोन हजार किलोमीटरची रेघ अंगावर काटा आणते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आत्या लिहायला-वाचायला चौथीपर्यंत शिकलेल्या. उशाला कॅलेंडर असायचं, त्यावर दुधाचा हिशेब. त्या दिवसापासून दुधाच्या आकड्याशेजारी त्या ‘हु’ लिहायला लागल्या. दिसला की ‘हु’, नाही दिसला की फुली. मग ‘स’ आला, सातभाई. सातजणांचं हे भांडकुदळ कुटुंब पाल्यात शिरतं आणि एकेक पान उलटून बघतं, मंडईत भाजी निवडावी तसं. मग ‘ध’, न्हाणीच्या पाटाशी शेपटी वरखाली करत फिरणारा पिवळ्या पोटाचा करडा धोबी. जास्वंदीच्या आतून नुसतं ‘चक्... चक्’ करणारा वटवट्या त्यांना दिसायचा नाही, पण ऐकू यायचा, म्हणून त्याचा ‘च’. ज्या बाईनं लहानपणी गोफणीनं पाखरं उडवली, ती पंचाहत्तराव्या वर्षी मला डोळ्यानं दटवायची, ‘भांडी वाजवू नगंस, त्यो बसलाय.’

मंडळी, ती कॅलेंडरं माझ्याकडे आहेत. २०१२ पासूनची चौदा. आत्या २०१९ मध्ये गेल्या, त्यानंतरचे ‘हु’ माझ्या हातचे. चौदा वर्षांत तो कधी तीन ऑक्टोबरच्या आधी आला नाही आणि एकवीसच्या पुढं गेला नाही. मार्चअखेर तो जातो. तोच पक्षी असेल का, असं मला नेहमी विचारतात. एवढासा पक्षी चौदा वर्षं काढत नाही, तेव्हा मधे बदलले असणार. पण असे पाहुणे पक्षी वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी हिवाळा काढायला परततात, हे पायात कडी घालून केलेल्या अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे.

इथं एक गोष्ट आठवली, ती सांगूनच पुढं जाते. सलीम अलींच्या हातात नोकरी नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. १९३० च्या सुमाराची गोष्ट. घराजवळच्या झाडावर सुगरणींची घरटी होती. महिनोन्महिने ते तिथं बसून राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर संसार मांडते, आणि नर लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईनं टिपलं. त्या अभ्यासानं त्यांचं नाव झालं. घराजवळचं एक झाड! (आणि नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं, हे या बाजूला बसलेल्या पुरुषमंडळींनी कृपया लक्षात ठेवावं.)

आता जे बोलायचंय ते मनाला लागलेलं आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाड्याची इमारत झाली. इमारत व्हायला माझी हरकत नाही, पडक्या वाड्यात दिवस काढणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. पण मागच्या परड्यात औदुंबर होता, जुनी विहीर होती, तिच्या कपारीत पिंगळ्याची जोडी होती. बांधणाऱ्यानं विहीर बुजवली, औदुंबर तोडला आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी घातली. मी जाऊन विचारलं, एक पट्टा तरी मातीचा ठेवाल का? उत्तर आलं, ‘काकू, माती ठेवली की कचरा होतो.’ त्या ऑक्टोबरात त्या बाजूला दुसरा थिरथिरा आला. मादी होती, मातकट तपकिरी, शेपटी तेवढी विटकरी. दोन दिवस ती त्या फरशीच्या कडेला सळईवर बसून होती. खाली झेप घ्यायची, फरशीवर चोच टेकवायची, परत वर जायची. तिसऱ्या दिवशी नव्हती. आमच्या परड्यात ती येऊ शकली नाही, कारण हिवाळ्यात थिरथिरा आपल्या जागेत दुसऱ्याला टिकू देत नाही. मला त्या दोन दिवसांत जेवण गेलं नाही. कचरा, असं आपण ज्याला म्हणतो, ते कुणाचं तरी ताट असतं, हे मी त्या माणसाला नीट सांगू शकले नाही, याचं दुःख अजून आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलं तो आता घाईनं सांगावा लागणार.

पाला पडतो, दवानं ओलसर राहतो, खालून कुजायला लागतो. त्यात वाळवी, भुंगेरे, कोळी, गोम, गांडुळं, पतंगांच्या अळ्या येतात. थिरथिरा दगडावरून झेप घालून ते टिपतो, सातभाई पानं उलटतात, दयाळ कडेनं उड्या मारतो, आणि पाल्यातून उठलेले बारीक किडे वर फांदीवर बसलेला माशीमार हवेत धरतो. एका कोपऱ्यावर एवढ्यांचं पोट भरतं. तो झाडून पेटवला, की सगळी पंगत उठली. पाला पेटवायची आपली सवय तर आधी सोडा. हिवाळ्यात सकाळी साताऱ्यावर धुराचा पट्टा दिसतो, त्यात थंड हवेत अडकून राहिलेला आपलाच पाला असतो. शेकोटी करायचीच तर लाकडाची करा, जेवढी शेकायची तेवढीच.

पाल्यात जनावर निघतं, असं म्हणाल. भीती रास्त आहे. म्हणून कोपरा दारापासून लांबचा घ्यायचा, भिंतीला टेकून ढीग करायचा नाही, नुसता पातळ पसरू द्यायचा, आणि तिथं उष्टं-खरकटं टाकायचं नाही, म्हणजे उंदीर येत नाहीत. उंदीर नाहीत तर त्यांच्यामागं येणाराही येत नाही. बाकीचं परडं खुशाल झाडा.

पाण्याला उथळ मातीची परात घ्या. दोन बोटं पाणी आणि मधे एक दगड. रोज सकाळी ओतून, घासून पुन्हा भरायची, नाहीतर डास होतील. शेव-फरसाण, शिळा भात घालू नका. ते खायला कावळे-पारवे येतील आणि तुमचा छोटा पाहुणा बिथरेल. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू तर अजिबात नका. त्याला वाटतं दुसरा कुणी जागेवर हक्क सांगायला आला, आणि खायचा वेळ तो भांडणात घालवतो. संक्रांत आठवड्यावर आलीय. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो येतोच. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नातवंडांना घेऊन झाडात अडकलेला दोरा काढून टाका.

आणि बघायचं कसं? बसून. भोगीच्या दिवशी तिळाची बाजरीची भाकरी थापून झाली, लेकुरवाळी भाजी चुलीवर रटरटतेय, तेव्हा पाट घेऊन मागच्या दारात बसा. पावटे सोलायचेत, मेथी निवडायचीय, ते तिथं बसून करा. हात कामात असले की माणूस हलत नाही, आणि माणूस हलला नाही की पाखरू येतं. फेब्रुवारीत जगभर चार दिवस घराभोवतीचे पक्षी मोजतात. आपला देश २०१३ पासून त्यात आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसेल ते लिहायचं. पंधरा मिनिटांत आपली अर्धी जुडी निवडून होते. कॅलेंडर प्रत्येकाच्या घरात आहे. दुधाशेजारी एक अक्षर लिहायला किती जागा लागते?

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. ज्यांना हुडहुड्या बघायचा असेल त्यांनी उद्या सकाळी सातला घरी यावं. यंदा तो नऊ ऑक्टोबरला आला, कालही दगडावर होता. चहा ठेवते, कालचं ताजं लोणी आहे, भाकरी होईल. फक्त बोळातून मागच्या बाजूनं येऊ नका, तो दगड तिथंच आहे. पुढच्या दारानं या, चपला बाहेर काढा, आणि सोप्यात कॉट आहे तिच्यावर बसा. तिथून सगळं दिसतं.