गुळाच्या ढेपा आणि एक अंतराळयान

नमस्कार श्रोतेहो. ही वेळ बहुतेक घरांत कणीक मळण्याची असते. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे. पुस्तकापेक्षाही ते वाचून आमच्या वाचनकट्ट्यावर कोण काय म्हणालं, त्याबद्दल जास्त. पुस्तकाचं नाव ‘स्कायवर्ड’. लेखक ब्रँडन सँडरसन, अमेरिकेतल्या युटा राज्यात राहणारे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे पुस्तक आलं. किशोरांसाठी आणि नुकत्याच तरुण झालेल्यांसाठी लिहिलेल्या अंतराळ-साहसांच्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक. पुढचे भाग २०१९, २०२१ आणि २०२३ मध्ये आले. म्हणजे चार कादंबऱ्या आणि गोष्ट पुरी. हे मुद्दाम सांगते, कारण अर्धवट सुटलेली मालिका मी मुलांच्या हातात देत नाही. पोरं दोन-दोन वर्षं वाट बघतात, तोवर त्यांचं वय पुढं सरकतं आणि पुस्तकावरचा जीव उडतो.

गोष्ट थोडक्यात अशी. डेट्रायटस नावाचा एक ग्रह आहे. त्याच्याभोवती जुन्या यंत्रांच्या आणि मोडक्या तळांच्या भंगाराचं जाड कवच फिरतंय. माणसं जमिनीखाली गुहांमध्ये राहतात, कारण वर क्रेल नावाचे शत्रू पुन्हा पुन्हा हल्ले करतात. स्पेन्सा नावाच्या मुलीला वैमानिक व्हायचंय. तिचे वडील वैमानिक होते, पण ऐन लढाईत ते पळाले असं सगळे म्हणतात. त्यांच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला आणि तो शिक्का या पोरीच्याही कपाळी आला. उड्डाणशाळेत तिला कशीबशी जागा मिळते, पण बाकीच्या मुलांबरोबर राहायची, त्यांच्यासोबत जेवायची परवानगी नाही. ती एका गुहेत झोपते, उंदीर मारून खाते. त्याच गुहेत तिला एक जुनं, मोडकं यान सापडतं. ते यान बोलतं. त्याचं नाव एम-बॉट. त्याच्या मालकानं शेवटची आज्ञा दिलेली असते की लपून राहा, कुणाशी लढू नकोस. आणि हे लढाऊ यान अळंब्यांची माहिती गोळा करत बसतं! आमच्या कट्ट्यावरची पोरं या अळंब्यांवर फिदा झाली.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढं तिचं काम आहे. या लोकांकडे यानं थोडी आहेत. यान हवेत तोलून धरणारी जी कडी असते, तिच्यासाठी लागणारा दगड फार दुर्मीळ. त्यामुळे माणसापेक्षा यान मोलाचं. यान पडायला लागलं की वैमानिकानं बाहेर उडी घ्यावी, एवढी साधी गोष्ट, पण तिथं ती लाजेची मानतात. पुन्हा सांगते. माणूस वाचला तरी यान गेलं, म्हणून तो भित्रा.

आता मतं. आम्ही अकरा जण. कराडच्या बाजूला एका गावातल्या वाचनालयात महिन्यातून दोन रविवार बसतो. पुस्तक देताना मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून देते, म्हणजे मागच्या पानावरची स्तुती कुणाला दिसत नाही. ही युक्ती मला जयंत नारळीकरांवरून सुचली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून घेतलेलं नाव. परीक्षकांनी माणूस न बघता गोष्ट बघावी म्हणून. आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं! इतका मोठा शास्त्रज्ञ, आणि आपली गोष्ट नावाशिवाय उभी राहते का हे त्याला बघायचं होतं. मला ही हकिगत फार आवडते.

तर मतं. नववीतला एक मुलगा म्हणाला, लढाया उत्तम, पण शाळेतला सराव फार लांबला. आमचे गणिताचे सर म्हणाले, नेमका सरावच उत्तम, कारण वळण घेताना वेग कुठं जातो हे पोरांना न कळत कळतं. यानातून प्रकाशाची दोरी टाकून भंगाराला पकडायचं आणि तिच्या जोरावर गर्रकन वळायचं, ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. गोफण फिरवलेल्या माणसाला ते लगेच समजतं. अकरावीतल्या एका मुलीला स्पेन्साचं बोलणं खटकलं. सारखं ‘तुझ्या कवटीतून पाणी पिईन’ छापाचं. तिच्या शेजारची म्हणाली, अगं, जिला रोज भित्र्याची पोर म्हणतात, ती असंच मोठ्यानं बोलणार. मला हे दुसरं मत पटतं. स्पेन्सा आजीकडून जुन्या योद्ध्यांच्या गोष्टी ऐकत वाढलीय, तिची भाषा तिथून आलीय. एका आईनं तक्रार केली की पुस्तकात स्पेन्साच्या आईला फार कमी जागा आहे. खरं आहे. आणि प्रेमप्रकरण जवळजवळ नाहीच, याबद्दल मात्र सगळ्यांनी लेखकाला दुवा दिला.

जाता जाता एक. आमच्या भागातली कितीतरी वाचनालयं संध्याकाळी सहाला बंद होतात. शाळा सुटून, शिकवणी करून मूल मोकळं होतं सात वाजता. मग त्यानं पुस्तक बदलायचं कधी? आठपर्यंत दार उघडं ठेवा, एवढीच माझी विनंती. असो.

आता ज्या मतासाठी मी आज इथं बसलेय, ते सांगते.

कट्ट्यावर एक दहावीतली मुलगी येते. वाडीवरून येते, तिचे आजोबा तिला सोडायला येतात. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, हातात काठी, डोक्याला टॉवेल. दोन तास ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. चहा घ्यायचे, बोलायचे नाहीत. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे मी आधीपासून एक रीत ठेवलीय. ज्यानं वाचलं त्यानं गोष्ट मराठीत सांगायची. त्या रविवारी पाळी या मुलीची होती. ती छान सांगते, हातवारे करून. ती त्या उड्डाणशाळेचं सांगत होती. यान कसं मोलाचं, उडी घेणाऱ्याला कसं हिणवतात, स्पेन्साच्या वडलांना सगळे कसं भित्रा म्हणतात.

आणि खिडकीजवळून आवाज आला. “बाई, एक इचारू का?”

मी म्हटलं, “विचारा की आबा.”

“त्यो बाप खरंच पळाला व्हता का?”

नात म्हणाली, “आबा, ते शेवटी कळतं. मी अजून तिथं पोचले नाही.”

“मग ऱ्हाऊ दे. पर मला सांग, गाडी गेली आन माणूस ऱ्हायला, तर त्यात लाज कसली?”

खोलीत कुणी बोलेना. मग आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि सांगायला लागले. मी त्यांच्या बोलीत सगळं सांगू शकणार नाही, माझ्या शब्दांत सांगते.

तरुणपणी ते ट्रक चालवायचे. मालक दुसरा, गाडी मालकाची. कराडहून गुळाच्या ढेपा भरायच्या आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायच्या. पावसाळ्याचे दिवस. घाटात धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. ब्रेक नरम लागतायत, असं त्यांनी मालकाला आठवडाभर आधी सांगितलं होतं. मालक म्हणाला होता, ही खेप टाकून ये, मग बघू. घाट अर्धा उतरला आणि ब्रेकवर पाय टाकला तर पाय तळापर्यंत गेला. काहीच नाही. खालचा गिअर पडेना. हँडब्रेक ओढला, तो नुसताच हातात आला. शेजारी किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, पंधरा वर्षांचं पोर. आबा ओरडले, “टाक उडी!” पोरगं दाराला धरून बसलं, हलेना. आबांनी एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं त्याची कॉलर धरली आणि त्याला बाहेर लोटलं, डोंगराच्या अंगाला, चिखलात.

मग गाडीत ते एकटे. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडं दरी. गाडी डोंगराला घासून बघितली, आरसा गेला, फळ्या गेल्या, वेग कमी होईना. आणि खालून हॉर्न ऐकू आला. कुणीतरी घाट चढत होतं. धुक्यात दिसत नव्हतं, नुसता हॉर्न. आबा म्हणाले, “तवा म्या इचार केला न्हाई बाई. हातानंच केलं.” हातांनी स्टिअरिंग दरीकडं फिरवलं आणि त्यांनी उडी टाकली.

गाडी खाली गेली. गूळ खाली गेला. दुसऱ्या कुणालाही खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. आबांचा पाय मोडला, ती काठी तेव्हापासूनची. आठ दिवस दरीतली माकडं गूळ खात होती, हे सांगताना ते पहिल्यांदा हसले.

मालक काय म्हणाला? “गाडी सोडून पळाला.” एवढंच. तीन शब्द. ते बाजारात पसरले. त्यानंतर कुणीही त्यांच्या हातात गाडी दिली नाही. त्यांनी अठरा वर्षं वीटभट्टीवर काम केलं. आणि गावानं त्यांच्या घराला नाव पाडलं, ‘उडीवाले’.

इथं त्या मुलीनं मान वर केली. आजवर तिला वाटत होतं की आबा तरुणपणी विहिरीत लांब उड्या मारायचे, म्हणून आपल्याला उडीवाले म्हणतात. शाळेत कुणी ‘उडीवाल्यांची’ म्हटलं की ती हसायची. तिला त्यात अभिमान वाटायचा. खरी गोष्ट घरात तिला कुणीच सांगितली नव्हती. आबांनीही नाही.

तिनं काय करावं? ती काहीच बोलली नाही. तिनं पुस्तकाची पानं मागं उलटली, पार सुरुवातीला. तिथं स्पेन्सा अगदी लहान आहे. तिचे वडील तिला गुहांमधून चढत चढत वर घेऊन जातात, जमिनीवर, आकाश दाखवायला. तो भाग तिनं पुन्हा सांगितला. सगळ्यांना नाही, आबांकडं तोंड करून. हळूहळू, एकेक वाक्य मराठीत आणत. बाप पोरीला वर नेतो. पोरगी घाबरते. मग भंगाराच्या थरांमधल्या फटी एकमेकींसमोर येतात आणि पलीकडचं आकाश दिसतं. आबा टॉवेलनं चेहरा पुसत ऐकत होते.

मग आमच्या गणिताच्या सरांनी विचारलं, तो किन्नर कुठं असतो? आबा म्हणाले, त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत आता. दर दिवाळीला ढेप घेऊन येतो. “आन दर बारीला इचारतो, ब्रेक तपासू का तुमचं.” म्हणजे काठीच्या टोकाचं रबर! ते तो दर वर्षी नवं बसवून देतो.

श्रोतेहो, वेळ संपत आली, त्यामुळे पुस्तकाबद्दल उरलेलं पटकन. इंग्रजी फार अवघड नाही, नववी-दहावीच्या मुलाला जमेल. पहिली शंभरेक पानं पात्रांची नावं आणि त्यांची हाक मारायची टोपणनावं यांची गल्लत होते, तर एका कागदावर लिहून पानात ठेवा. काही मित्र मरतात, तेव्हा फार कोवळ्या वयाच्या मुलाला देताना आधी स्वतः वाचा. वडलांचं काय झालं ते मी सांगणार नाही, आबांनाही मी ते सांगितलं नव्हतं. आणि पुन्हा एकदा, तो मुख्य धागा धरून वाचा. यान मोलाचं की माणूस.

लोक मला विचारतात, पुस्तकाला पाचपैकी किती तारे? मी तारे देत नाही. कुणाला काय आठवलं, ते मी वहीत लिहून ठेवते. ‘स्कायवर्ड’च्या पानावर सरांची गोफण आहे, त्या आईची तक्रार आहे आणि खाली कुंभार्ली घाट लिहिलंय.

परवा त्या मुलीचा निरोप आला. पुस्तक संपलं. शेवट तिनं रात्री अंगणात बसून आबांना सांगितला. आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, दुसरा भाग आणायला सांग बाईंना. मी मागवलाय, ‘स्टारसाइट’. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, तो उघडू. खिडकीजवळची खुर्ची आबांसाठी राखून ठेवलीय, बाकी सतरंजीवर जागा आहे. नमस्कार.